फेसाआडचा वस्तरा

गेल्या मे महिन्यात माझी भाची अमेरिकेहून आली होती. बरोबर तिची अकरा वर्षांची मुलगी. दोघी परत गेल्यावर न्हाणीघरातल्या फळीवर एक गुलाबी डबा राहिलेला दिसला. फोन करून विचारले, तर भाची म्हणाली, "मावशी, राहू दे. पायांचे केस काढायचं जेल आहे ते. हिच्या वर्गातल्या मुलींनी सुरू केलंय आता, म्हणून हिच्यासाठी घेतलं होतं. तूच वापरून टाक." मागून मुलीचा आवाज आला, "आजी, वापरलंस की सांग मला, कसं आहे ते!"

डबा हातात घेऊन मी तो नीट वाचला. रास्पबेरीचे चित्र होते, पाण्याचे थेंब होते, त्वचा मऊ आणि ओलसर राहील असे आश्वासन होते. वस्तऱ्याचे चित्र मात्र कुठेच नव्हते. ज्या वस्तूचे सारे प्रयोजन वस्तऱ्याशी बांधलेले, तिच्या अंगावर वस्तऱ्याचा मागमूसही नसावा, याचे नवल वाटले. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी ते जेल लावून पाहिले. त्याची हकीगत पुढे येईलच. पण त्याआधी वस्तरा त्या डब्यावरून कुठे गेला, याचा शोध घ्यावा असे वाटले. हा लेख त्या शोधाचा आहे.

एक क्रियापद नाही

पहिली अडचण भाषेची. मराठीत पुरुष दाढी करतो, हजामत करतो, जुन्या घरांतून श्मश्रू करतो. 'श्मश्रू' म्हणजेही दाढीमिशाच. मुलाचे जावळ काढतात, मुंजीत मुंडन होते. पायांवर वस्तरा फिरवणाऱ्या बाईसाठी मात्र आपल्याकडे क्रियापद नाही. 'पायांची दाढी' म्हटले तर हसू येते. आपण 'केस काढणे' असे मोघम म्हणतो किंवा पार्लरमधले 'वॅक्सिंग' उचलतो.

बाई आणि वस्तरा यांना एकत्र आणणारा एकच जुना शब्द मराठीत आहे, आणि तो 'केशवपन' हा आहे. नवरा मेलेल्या बाईला न्हाव्यापुढे बसवायचे, तिचे डोके भादरायचे, आणि उरलेल्या आयुष्यात ते पुनःपुन्हा करत राहायचे. 1890 साली मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचा निर्धार केला. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांची आणि नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराची त्यामागे प्रेरणा होती. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला, ही आपल्या सामाजिक इतिहासातली मोठी घटना. तरीही घराघरांतून ही रूढी पुढे कितीतरी वर्षे रेंगाळली.

हे मला पुस्तकात वाचायच्या आधी कळले होते. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आमचे कोळीनृत्य बसले होते. लुगडे गुडघ्यापर्यंत, म्हणजे पोटऱ्या उघड्या. आदल्या संध्याकाळी मी वडिलांचा रेझर गुपचूप न्हाणीघरात नेला, अंगाचा साबण पायाला चोळला आणि घाईघाईने पाते ओढले. नडगीवर इंचभर कापले. रक्त पाहून आई घाबरली. आजी मात्र जखमेकडे बघतच नव्हती. "वस्तरा लावलास? स्वतःच्या हातानं?" एवढेच ती पुनःपुन्हा विचारत राहिली. तिच्या लहानपणी तिची एक आत्या आलवणात घरी परत आलेली होती. दर काही दिवसांनी न्हावी मागच्या दाराने यायचा आणि त्या वेळी पोरांना अंगणात पिटाळले जायचे. आजीच्या मनात बाईजवळचा वस्तरा म्हणजे ते मागचे दार होते. मी नटण्यासाठी तो हातात घेतला, हे तिच्या आकलनाच्या पलीकडचे होते.

हरताळ

वस्तरा नको, पण केस तर नकोत. मग उपाय काय? तो फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात जखमेभोवतीचे केस काढण्यासाठी शंखाचे चूर्ण आणि हरताळ यांचा लेप सांगितला आहे. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे पिवळेधमक खनिज. हीच जोडी पश्चिमेकडेही दिसते. तुर्की हमामांमध्ये हरताळ आणि कळीचा चुना कालवून 'रुस्मा' नावाचा लेप करत आणि युरोपातून आलेले प्रवासी त्याची वर्णने लिहून ठेवत. आपल्याकडे पोथीतले चुकलेले अक्षर पुसायला त्यावर हरताळ लावत, त्यावरून एखाद्या गोष्टीवर 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आला. अक्षर पुसणारे द्रव्य आणि केस पुसणारे द्रव्य एकच होते.

या लेपांचे काम साधे आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि गंधकाचे दुवे त्याला मजबुती देतात. चुन्यासारखे क्षार आणि गंधकाची संयुगे एकत्र आली की ते दुवे तुटतात, केस लिबलिबीत होतो आणि पुसून काढता येतो. पण कातडीही केराटिनचीच. म्हणून लेप क्षणभर जास्त राहिला तर कातडी भाजते. शिवाय गंधकामुळे सडक्या अंड्यांसारखा वास येतो. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत केस काढण्याच्या पुडी विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्या बहुधा अत्तरवाल्यांच्या दुकानांतूनच मिळत. या व्यवहारात सुगंधाचा प्रवेश असा झाला. त्याला तेव्हा खरेच झाकण्यासारखे काहीतरी होते.

चिमुकला, नाजूक, सोनेरी

किंग कॅम्प जिलेट हा फिरता विक्रेता. वापरून फेकून द्यायच्या पात्याची कल्पना त्याने तडीस नेली. 1903 साली विक्री सुरू झाली, तेव्हा त्या वर्षी 51 रेझर आणि 168 पाती खपली. पुढच्याच वर्षी नव्वद हजारांवर रेझर गेले. न्हाव्याच्या हातातला उघडा वस्तरा घरातल्या पुरुषाच्या हातात आला, आणि तो सुरक्षित झाला. पण पुरुष एकदा रेझर घेतो तो वर्षानुवर्षे पुरतो. कारखान्याला नवे गिऱ्हाईक हवे होते, आणि अर्धी लोकसंख्या अजून शिल्लक होती.

1915 साली दोन गोष्टी घडल्या. 'हार्पर्स बझार' या फॅशनच्या मासिकात 'एक्स-बाझिन' नावाच्या केस काढण्याच्या पुडीची जाहिरात आली. बिनबाह्यांच्या पोशाखातली, हात वर केलेली एक तरुणी, आणि खाली मजकूर असा की, उन्हाळ्याचे नवे कपडे आणि नवी नृत्ये यांमुळे नकोसे केस काढणे आता भाग आहे. त्याच वर्षी जिलेटने बायकांसाठी 'मिलेडी डेकोलते' हा रेझर आणला. लहानसा, सोनेरी मुलाम्याचा, दागिन्याच्या डबीसारख्या पेटीत बसवलेला. त्याच्या जाहिरातीत भर दाढी या कल्पनेवर नव्हता. नीटनेटक्या बाईची काख गोरी आणि गुळगुळीत असते, हे सांगण्यावर होता.

क्रिस्टीन होप या अभ्यासिकेने 1982 साली 'जर्नल ऑफ अमेरिकन कल्चर'मध्ये या काळातल्या जाहिराती चाळून एक निबंध लिहिला. त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. त्याआधीच्या काळात अमेरिकेतल्या सामान्य बायकांना काखेतल्या किंवा पायांवरच्या केसांची फिकीर असल्याचा पुरावा फारसा सापडत नाही. कपड्यांनी ते झाकलेलेच असत. केस उघडे पडले, आणि ते नकोसे आहेत हे त्याच क्षणी सांगणारा विक्रेता शेजारी उभा होता. सिअर्स-रोबक या टपालाने माल पाठवणाऱ्या प्रचंड दुकानाच्या सूचिपत्रात 1922 साली बायकांचे रेझर आले. त्याच वर्षी त्याच सूचिपत्रात पारदर्शक बाह्यांचे पोशाखही आले. रोग आणि औषध एकाच पानांच्या गठ्ठ्यातून घरी पोचू लागले.

वस्तऱ्यापेक्षा विष बरे

इथे या इतिहासातले सर्वांत चटका लावणारे पान येते. सुरक्षित रेझर उपलब्ध होता, स्वस्त होता. तरीही अनेक बायकांना तो हातात घेणे जड जाई, कारण तो पुरुषाचा. तोंडावर किंवा अंगावर रेझर फिरवला म्हणजे आपण दाढी करणारी बाई झालो, ही धास्ती. त्या धास्तीने त्यांना कुठे नेले ते पाहावे.

1920च्या दशकात अल्बर्ट गायसर नावाच्या डॉक्टरने 'ट्रायको' नावाची पद्धत काढली. सुबक लाकडी कपाटासारख्या यंत्रापुढे बसायचे आणि क्ष-किरणांनी केस कायमचे घालवायचे. वेदना नाही, वास नाही, पाते नाही. अमेरिकेतल्या अनेक शहरांत ती सौंदर्यगृहे चालली. काही वर्षांनी त्या बायकांची कातडी सुरकुतली, चट्टे पडले, जखमा झाल्या, आणि पुढे काहींना कर्करोग झाला.

1930च्या सुमारास 'कोरेमलू' नावाचे क्रीम बाजारात आले. त्यात थॅलियम ॲसिटेट होते. थॅलियम हे उंदीर मारायचे विष. केस त्याने खरोखरच गळत, पण फक्त क्रीम लावलेल्या जागचे नव्हे, डोक्याचेही. बायकांच्या नसा दुखावल्या, पाय लुळे पडले, दृष्टी अधू झाली. खटले उभे राहिले आणि कंपनी दिवाळ्यात गेली, पण सरकार हात चोळत बसले, कारण 1906च्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनांचा समावेशच नव्हता. 1933 साली अन्न आणि औषध प्रशासनाने अशा घातक वस्तूंचे एक प्रदर्शन मांडले. वृत्तपत्रांनी त्याला 'भयघर' असे नाव दिले. एलिनॉर रूझवेल्ट ते पाहून आल्या. अखेर 1938च्या कायद्याने सौंदर्यप्रसाधने सरकारी देखरेखीखाली आली. आज कोणत्याही क्रीमच्या डब्यामागे आपण जे बारीक अक्षर वाचतो, त्याच्या मुळाशी असलेल्या किंमत मोजलेल्या बायकांमध्ये या केस काढू पाहणाऱ्याही आहेत.

'वस्तरा लावला की केस जाड आणि राठ येतात' हा समज तेव्हाही होता. आपल्या पार्लरमध्ये आजही मुलींना हेच ऐकवतात. सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या शरीरशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 सालीच तपासून दाखवले होते की, दाढी केल्याने केसाच्या जाडीत किंवा वाढीच्या वेगात फरक पडत नाही. कापलेल्या केसाचे टोक निमुळते न राहता बोथट होते, म्हणून ते बोटाला खरखरीत लागते, इतकेच. समज मात्र संशोधनापेक्षा टिकाऊ निघाला. वस्तरा बाईचा नव्हे, हे शास्त्राच्या भाषेत सांगायची ती सोय होती.

मोजे गेले, पाय उरले

पायांवरचे केस सर्वांत शेवटी रडारवर आले. 1920च्या दशकात झगे गुडघ्याकडे सरकले, पण पायांत मोजे होते. 1930च्या दशकात झगे पुन्हा खाली गेले. निर्णायक धक्का युद्धाने दिला. 15 मे 1940 रोजी नायलॉनचे मोजे अमेरिकाभर विक्रीला आले आणि हातोहात संपले. 1941मध्ये जपानशी व्यापार तुटला आणि रेशीम थांबले. 1942च्या सुरुवातीला नायलॉनही युद्धाकडे वळले. मोज्यांचे सूत हवाई छत्र्यांना आणि दोरांना लागू लागले.

बायकांनी मग पायांवर मोज्याच्या रंगाचे पातळ द्रव्य फासायला सुरुवात केली आणि मागची शिवण भुवयांच्या पेन्सिलीने काढली. त्या रंगाची एक अट होती. पाय गुळगुळीत हवा. केसांवर तो रंग बसत नाही, त्याचे ओघळ दिसतात. ज्या बाईने तोवर पायांना रेझर लावला नव्हता तिनेही तो आता उचलला. 1943 सालचे बेटी ग्रेबलचे पाठमोरे छायाचित्र सैनिकांच्या पेट्यापेट्यांतून गेले आणि त्यात पाय हाच मुख्य विषय होता. युद्ध संपले, मोजे परतले. पिट्सबर्गमध्ये एकदा तेरा हजार जोड्यांसाठी चाळीस हजार माणसे रांगेत होती. रंगाच्या बाटल्या कपाटातून गेल्या, रेझर मात्र तिथेच राहिला. 1964 सालच्या एका पाहणीत पंधरा ते चव्वेचाळीस वयातल्या अमेरिकन बायकांपैकी 98 टक्के पायांचे केस काढत असल्याचे आढळले. जेमतेम पन्नास वर्षांत एक नवी गोष्ट निसर्गनियमासारखी झाली. 1972 साली 'मिझ' या स्त्रीवादी मासिकाच्या पहिल्याच नियमित अंकात अंगावरच्या केसांवर लेख आला, तो या 98 टक्क्यांना विचारलेला प्रश्न होता.

फेस आला, मग वास आला

आता डब्याकडे वळू. कोरडा केस तांब्याच्या तारेसारखा चिवट असतो असे म्हणतात. पाणी प्यायला की तो फुगतो आणि सहज कापला जातो. दोन-तीन मिनिटे गरम पाणी मिळाले की हे काम जवळजवळ पुरे होते. साबणाच्या फेसाने हे पाणी केसाजवळ टिकून राहते, पाते घसरते आणि कुठून पाते फिरले ते दिसते. दाढीच्या क्रीमची खरी कामे एवढीच. त्यात ग्लिसरिन किंवा तेल असले तर कातडी कोरडी पडत नाही.

पूर्वी हे सारे ब्रश आणि वाटी यांवर चाले. आमच्याकडे वडील बंबातले पाणी वाटीत घेऊन, गोल वडीवर ब्रश फिरवत पाच मिनिटे फेस करत. अमेरिकेत 1919 साली फ्रँक शील्ड्स या रसायनशास्त्रज्ञाने 'बार्बासोल' हे ब्रशाविना लावायचे क्रीम आणले. 1950च्या आसपास दाबाच्या डब्यातून तयार फेस येऊ लागला. 1970 साली एस. सी. जॉन्सन कंपनीने 'एज' नावाचे जेल आणले, ते हातावर चोळताच अंगच्या उबेने फेसाळते. त्यातला चटकन उडून जाणारा वायू ही किमया करतो.

हे सर्व पुरुषांसाठी. बायका काय करत होत्या? नवऱ्याचा डबा वापरत होत्या किंवा अंगाचा साबण. रेझरही तसाच. 1970च्या दशकात 'फ्लिकर', 'डेझी' अशी फुलापाखरांची नावे घेऊन बायकांचे रेझर आले. जिलेटमध्ये जिल शर्टलेफ या डिझायनर बाईने बायका प्रत्यक्षात काय करतात हे पाहिले, तोवर बहुतेक कंपन्यांच्या मते स्त्रियांचा रेझर म्हणजे पुरुषांच्या रेझरला दिलेला गुलाबी रंग होता. बाई शॉवरखाली उभी असते, हात ओला असतो, घोटा आणि गुडघ्यामागचा भाग तिला दिसतही नाही, आणि चेहऱ्याच्या कितीतरी पट मोठे क्षेत्र तिला फिरायचे असते. शर्टलेफ यांनी काठीसारख्या मुठीऐवजी तळव्यात बसणारी चपटी मूठ केली. 1992 साली आलेला तो 'सेन्सर फॉर विमेन' धडाक्यात खपला. बाईच्या हाताकडे पाहून केलेली ही दुर्मिळ सुधारणा.

पाठोपाठ 1990च्या दशकात 'स्किनटिमेट' आणि 'सॅटिन केअर' यांसारखी खास बायकांची जेल आली. आतली रचना पुरुषांच्या जेलशी बरीच मिळतीजुळती. निराळे काय, तर रंग, फळाफुलांचा वास आणि 'मॉइश्चर' या शब्दावरचा भर. जुन्या पुडीतला सुगंध सडक्या अंड्यांचा वास झाकत होता. साबणाच्या फेसाला झाकण्यासारखा वासच नाही. मग रास्पबेरी काय झाकते?

माझे उत्तर असे आहे की ती वस्तरा झाकते. 1915च्या सोनेरी पेटीने जे काम केले तेच. विष झाले, क्ष-किरण झाले, शेवटी सर्वांत निर्धोक साधन म्हणून रेझरच उरला. पण त्याची लाज उरलीच होती. ती लाज फळांच्या वासात आणि मऊपणाच्या शब्दांत गुंडाळली की दाढीचे 'लाड' होतात. अंगाला धार लावण्याच्या कृतीला निगा हे नाव मिळते.

या नावाची किंमतही आहे. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक खात्याने 2015 साली सुमारे आठशे वस्तूंच्या किमती ताडून पाहिल्या. बायकांसाठीची वस्तू सरासरी 7 टक्के महाग निघाली, आणि शरीराच्या निगेच्या वस्तूंत हा फरक 13 टक्के होता. सुगंधाचीही एक किंमत असते. प्रसाधनांमुळे कातडीला खाज किंवा पुरळ येण्याच्या नेहमीच्या कारणांमध्ये सुगंधी द्रव्ये वरच्या क्रमांकावर असतात, आणि नुकत्याच पाते फिरलेल्या कातडीवर ती अधिक झोंबतात.

प्रयोग

आता माझा प्रयोग. एका रविवारी दुपारी, घरात कुणी नसताना, मी न्हाणीघरात पाटावर बसले. दोन्ही पायांवर तीन मिनिटे गरम पाणी ओतले. उजव्या पायाला भाचीचे जेल, डाव्या पायाला वडिलांच्या पद्धतीने गोल वडीचा ब्रशने केलेला फेस. रेझर नवा, दोन्ही पायांना एकच.

जेल बोटावर घेतले तेव्हा काचेसारखे होते. पोटरीवर चोळताच त्याचा दाट पांढरा फेस झाला, आणि न्हाणीघर सरबताच्या दुकानासारखे वासाने भरले. पाते सरळ गेले. फेसातून स्वच्छ पट्टे उमटत गेले, अंगणात नुकता केर काढावा तसे. नडगीवरच्या जुन्या व्रणापाशी हात थबकला, मग हलकेच पुढे गेला. डावा पाय जरा संथ झाला. ब्रशचा फेस लवकर वाळतो, पुन्हा लावावा लागला. रात्री हात फिरवून पाहिला. दोन्ही पाय सारखेच गुळगुळीत. उजवा किंचित जास्त मऊ, हे प्रामाणिकपणे नोंदवते. दुसऱ्या दिवशी तोही फरक राहिला नाही. वास तर धुतल्याबरोबर गेला होता. म्हणजे काम केले ते मुख्यतः गरम पाण्याने, तीन मिनिटांच्या धीराने आणि नव्या पात्याने. कॉलेजात माझ्याजवळ यांतले एकही नव्हते. होती ती घाई, जुने पाते आणि कुणी पाहील ही भीती. मला कापले ते त्या चोरटेपणाने.

हे लिहिताना एक गोष्ट कबूल करायला हवी. मला मजा आली. फेस, वास, स्वतःच्या पायांकडे वीस मिनिटे दिलेले लक्ष, हे सगळे सुखाचे होते. जाहिरातीने लावलेली सवय आहे हे ठाऊक असूनही सुख खोटे ठरत नाही. सुझन बॅसो यांनी 1991 साली अमेरिकन बायकांचा अभ्यास केला, त्यात एक सूक्ष्म भेद दिसला. केस काढायला सुरुवात का केली, याचे कारण बहुतेक जणी 'सगळ्या करतात म्हणून' असे देत. पण आता का करता, याचे उत्तर 'मला छान वाटते, आकर्षक वाटते' असे येई. सक्तीने आत आलेली गोष्ट काही वर्षांनी आवड म्हणून मुक्काम करते. कुठे सक्ती संपली आणि कुठे आवड सुरू झाली, ही रेघ त्या बाईलाही दाखवता येत नाही.

अमेरिकेला नावे ठेवून आपण सुटू, असेही नाही. हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा घरात उटण्याचा वास असेल. नरक चतुर्दशीच्या पहाटे तेल लावून, उटणे चोळून न्हायचे, हे आपले सुगंधी सुख. त्याने कातडी मऊ होते आणि त्यात मुलगा-मुलगी, राव-रंक असा भेद नाही. पण त्याच न्हाणीघरात तान्ह्या मुलीच्या कपाळावर आणि पाठीवर कणकेची गोळी फिरवून तिची लव काढतात, 'पुढे त्रास नको' म्हणून. मुलाच्या पाठीवरच्या लवेचे कुणाला काही वाटत नाही. माझ्या आईने माझ्यावर फिरवली, मी माझ्या मुलीवर फिरवली. जाहिरात नव्हती, कंपनी नव्हती. मायेचा हात होता, आणि त्या मायेतच ती काळजी मिसळलेली होती.

परवा भाचीच्या मुलीचा फोन आला. "आजी, वापरलंस? कसं आहे?"

मी तिला आधी तिच्या पणजीच्या आईच्या पिढीतल्या त्या आत्याची गोष्ट सांगितली, जिला कुणी विचारलेच नाही. मग माझ्या नडगीवरच्या व्रणाची. मग म्हटले, "वास छान आहे. पण खरं काम गरम पाण्याचं. करायचंच झालं तर तीन मिनिटं पाय भिजव, नवं पातं घे, घाई करू नकोस, आणि आईला सांगून कर."

"आणि नाही केलं तर?"

"तर काही नाही. पाय तुझेच राहतात."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "वर्गात विचारतात गं." मी म्हटले, "विचारू देत. तू त्यांना विचार, हे कधीपासून सुरू झालं ते माहिताय का."

डबा अजून फळीवर आहे, निम्मा भरलेला. मी त्याच्या शेजारी रेझर उघडाच ठेवला आहे.